घोयऱ्याच्या कपाटात कोणतं झाड लावावं

माळीकाम करणाऱ्यांची एक अडचण असते. हात कामात गुंतलेले असतात आणि तोंड मोकळं असतं. त्यामुळं बागेत जितका पालापाचोळा साठतो तितकेच किस्से साठतात. पाचोळ्याचं निदान खत होतं, किस्से तसेच पडून राहतात आणि मग कुणी भेटलं की बाहेर येतात.

लढाईच्या वर्षांत मी नगरच्या छावणीतल्या बागेत माळी होतो. आम्ही चौघं होतो. हेडमाळी उस्मानचाचा, शेवगावकडचा गेनू, खुरपणीला येणारी सखूबाई आणि मी. छावणीत होतो म्हटलं की लोक विचारतात, "रणगाड्यांचं सांगा की. गोऱ्यांचं सांगा." मला रणगाड्यांचं काही ठाऊक नाही. माझे सगळे किस्से एका सरड्याचे आहेत, आणि ते फारसे हसण्यासारखे नाहीत. तरी त्या वेळी आम्ही हसायचो. दिवस तर काढायचा होता.

*

आमच्या छावणीत एक कॅप्टनसाहेब बदलून आला. त्याचं काम म्हणजे रंगरुटांना लपायला शिकवणं. रणगाड्यावर जाळी कशी टाकायची, जाळीत फांद्या कशा खोवायच्या, वरून विमानातून बघणाऱ्याला ते साधं झुडूप कसं वाटलं पाहिजे, असलं ते शास्त्र. एके दिवशी तो बागेत आला आणि त्याच्या मोडक्या हिंदुस्थानीत म्हणाला, "हमको गिरगिट मांगता. रंग बदलनेवाला. जिंदा."

गिरगिट म्हणजे आमच्याकडचा घोयरा. झाडावर राहणारा, डोळे गरागरा फिरवणारा तो मोठा सरडा. घोयऱ्याला आमच्याकडं माणूस नागापेक्षा जास्त भितो. चावला तर पाणी मागू देत नाही म्हणतात. घोयरा चावून मेलेला माणूस मी काही पाहिला नाही, पण न पाहिलेल्याचीच भीती जास्त असते. गेनूनं खुरपं खाली ठेवलं आणि म्हणाला, "साहेब, वाघ सांगा. आनून देतो."

उस्मानचाचा मात्र पुढं झाला.

चाचाचा एकुलता एक मुलगा यासीन फौजेत ड्रायव्हर होता. ब्रह्मदेशात गेला होता. रंगून पडलं, आपली माणसं जंगलातून पायी परतली, पुष्कळ जण परतलेही नाहीत, आणि यासीनची खबर यायची बंद झाली. मेल्याची तार नाही, जगल्याचा निरोप नाही. चाचा ज्याला त्याला विचारून थकला होता. साहेबासमोर त्यानं हात जोडले नाहीत, सरळ सौदा केला.

"मैं लाता साब. आप मेरे बच्चे की खबर निकालो. यासीन नाम है उसका."

"पक्का," साहेब म्हणाला.

दुसऱ्याच दिवशी चाचा चांदबिबीच्या महालाच्या डोंगरावरून घोयरा घेऊन आला. फांदीसकट तोडून आणला होता आणि फांदी अंगापासून लांब धरून इतका सावकाश चालत होता, जशी एखाद्यानं भरली कढई न्यावी. त्या दिवसापासून तो घोयरा जगला पाहिजे, हे आमच्या बागेचं पहिलं काम झालं. गुलाब वाळले तरी चालणार होतं.

*

मेसमध्ये मांस ठेवायचं जाळीचं जुनं कपाट होतं, ते साहेबानं पाठवून दिलं. वर सक्त ताकीद दिली की त्यात जिवंत झाड पाहिजे. घोयरा वाटीतलं पाणी पीत नाही, पानावरचे थेंब चाटतो, आणि पकडायला फांदी नसली तर झुरून मरतो. साहेबाला घोयऱ्याचं पुष्कळ कळायचं, खोटं कशाला बोला.

पहिलं झाड मी आणलं. कण्हेर. छावणीत रस्त्यांच्या कडेला जिकडंतिकडं कण्हेर होती. पाणी कमी पडलं तरी तग धरते, बारा महिने फुलते. साहेबानं गुलाबी फुलं पाहिली आणि "ब्यूटीफुल" म्हणून निघून गेला.

सखूबाई खुरपता खुरपता थांबली. म्हणाली, "ती काढा तेवढी."

"अगं, घोयरा काय पाला खातो का? तो माश्या खातो."

"माशी पाल्यावरच बसंल का न्हाई? पानी पाल्यावरलंच चाटंल का न्हाई?"

"एवढ्याशानं काय होतंय?" मी म्हणालो. मला माझी कण्हेर आवडली होती.

"माझ्या भनीनं बी लई न्हाई खाल्ली," सखूबाई म्हणाली. "बोटाएवढी मुळी हुती."

ती परत खुरपायला लागली. चाचा उठला, कपाटातली कण्हेर मुळासकट काढली, लांब नाल्याकडं नेऊन पुरली आणि येऊन हात मातीनं घासघासून धुतले. सखूबाईला बहीण होती हे तोवर आम्हाला माहीतच नव्हतं.

*

गेनूचं डोकं जरा वेगळं चालायचं. तो म्हणाला, "झाड असं पायजे की त्याचं जेवान आपसूक झाडावर येतंय. आपुन कुठवर माश्या मारत बसायच्या?"

बोलणं पटण्यासारखं होतं. गेनूनं माळावरून रुईचं झुडूप आणून लावलं. रुईवर ते निळेपिवळे रंगीत नाकतोडे ताटात वाढल्यासारखे बसलेले. घोयऱ्यानं एक डोळा पुढं केला, एक मागं केला आणि जीभ फेकून एक नाकतोडा गट्ट केला. गेनूनं आमच्याकडं असं पाहिलं की याला आता हेडमाळी करावं.

तासाभरात घोयरा काळा पडला. फांदीवरून उतरून कपाटाच्या तळाशी जाऊन बसला, डोळे मिटले, तोंड अर्धवट उघडं. रुई विषारी आणि तिच्यावर पोसलेला नाकतोडाही विषारी, हे आमच्या तेव्हा ध्यानात आलं. चाचा कपाटापुढं उकिडवा बसला. जाळीला बोटं अडकवून तो नुसता बघत होता.

नेमका त्याच वेळी साहेब रंगरुटांची तुकडी घेऊन आला. सावलीत काळा होऊन पडलेला घोयरा पाहून साहेबाला आनंद मावेना. "देखो! साया काला, जानवर काला. ये है असली उस्ताद."

रंगरुटांनी माना डोलावल्या. मरायला टेकलेल्या जनावरापुढं ती सगळी रांग उभी होती आणि साहेब काठीनं त्याचा रंग दाखवत होता.

ते गेल्यावर गेनू हळूच म्हणाला, "चाचा, साहेबानं शाबासकी दिली की वो."

"गेन्या," चाचा म्हणाला, "साहेब काल म्हनला, उद्या माज्या पोराचं कळंल. उद्यापातुर ह्याला जगव. मग शाबासकी मी देतो."

घोयरा कसाबसा जगला. आणि दुसऱ्या दिवशी साहेब सायकलवरून जाता जाता चाचाला म्हणाला, "पूछा है. जवाब आएगा."

हे "पूछा है" आम्ही पुढं इतक्यांदा ऐकलं की गेनू त्याची हुबेहूब नक्कल करायचा. चाचा जवळ नसला म्हणजे.

*

रुईच्या प्रकरणानंतर चाचानं एक नियम केला. कपाटात जाणारं पान आधी माणसानं चावायचं. पान चावायचं, थुंकायचं, दुपारपर्यंत वर काही खायचं नाही. जीभ शाबूत राहिली तर झाड पास. ही काही माळ्यांची जुनी रीत नव्हे, चाचाच्या डोक्यातून निघालेली होती. साहेबाला विचारलं असतं तर त्यानं पुस्तकात बघून सांगितलं असतं. पण चाचाचा आता जिभेवरच भरवसा राहिला होता. जास्वंद पास झाली. पेरू पास झाला.

मग आले रमजानचे रोजे. चाचा दिवसा थुंकीसुद्धा गिळायला कचरायचा, पान कुठलं चावणार? सखूबाईनं सरळ सांगितलं, "रुई ज्यानं आनली त्यानं चावावं." म्हणून गेनूनं घाणेरी चावली. तिची ती चटकदार फुलं बघून त्याला वाटलं होतं, हे झाड जमून जाईल. संध्याकाळपर्यंत त्याचे ओठ तळलेल्या वड्यांसारखे फुगले.

"म्हंजे बगा," तो सुजलेल्या तोंडानं म्हणाला, "घोयरा नवाब, आन मी त्याचा बावर्ची. एका सरड्यापायी मरतो का काय मी?"

चाचा रोजा सोडायला खजूर घेऊन बसला होता. त्यातला पहिला खजूर त्यानं गेनूच्या हातात ठेवला.

"सरड्यापायी न्हाई रं, बाबा," तो म्हणाला.

गेनूला तो खजूर चावता येईना. त्यानं तो तसाच फेट्यात बांधून ठेवला. मग मात्र साहेबाची नक्कल करायचं त्यानं सोडलं.

*

एकदा साहेबानं मोठी तुकडी आणली. पोरं पंजाबकडची होती, कोवळी, काहींना मिशाही फुटल्या नव्हत्या. साहेब म्हणाला, "इसमें जानवर किधर है, बताओ."

पोरांनी जाळीला डोळे लावले. जास्वंदीच्या पानापानातून शोधलं. एकालाही सापडेना. साहेब खूश. त्यानं मग मोठं भाषण केलं. खरा लपणारा असा असतो, समोर असून दिसत नाही, दुश्मनाच्या बंदुकीसमोर तुम्ही असेच नाहीसे झाले पाहिजेत, वगैरे. पोरं भारावून गेली. एकानं तर कपाटाला सलाम ठोकला.

घोयरा तेव्हा विहिरीजवळ पेरूच्या झाडावर होता. चाचानं त्याला सकाळीच उन्हाला म्हणून बाहेर ठेवलं होतं. आम्ही चौघं तोंड दाबून उभे.

ती तुकडी पुढं लवकरच लढाईवर गेली. स्टेशनकडं जाताना बागेवरूनच गेली. ज्या पोरानं सलाम ठोकला होता त्यानं जाता जाता आमच्याकडं बघून हात हलवला. सखूबाई म्हणाली, "कुनीतरी सांगाया पायजे हुतं त्यास्नी, कपाट रिकामं हुतं म्हनून." पण तुकडी निघून गेली होती.

*

चाचाच्या घरचं माणूस बागेत कधी येत नसे. एका सकाळी त्याची बायको, रहिमनचाची, आली. कडेवर मडक्यातलं मेंदीचं झाड होतं.

ते झाड आम्हाला चांगलं ठाऊक होतं. भिंगारला चाचाच्या दाराशी होतं. यासीनच्या लग्नासाठी म्हणून चाचीनं ते लावलं होतं आणि शेजारणींना ती त्याचं पानही तोडू देत नसे.

तिच्या येण्यामागं एक गोष्ट होती. जुन्या बाया सांगत की कोणे एके काळी भली माणसं दुश्मनाला भिऊन लपून बसली होती, आणि घोयऱ्यानं मान हलवून हलवून त्यांची जागा दाखवून दिली. म्हणून तर पोरंटोरं घोयरा दिसला की दगड मारायची. चाचीची खात्री होती की यासीन मेलेला नाही, ब्रह्मदेशाच्या जंगलात कुठंतरी लपला आहे. आणि तिचा नवरा इथं त्या चुगलखोर जनावराला हातानं माश्या भरवत होता. घरात या गोष्टीवरून महिनोन्‌महिने धुसफूस चालू होती. चाचा म्हणायचा, ह्याच्यामुळंच खबर येईल. चाची म्हणायची, ह्याच्यामुळंच पोरगा सापडेल, पण दुश्मनाला.

ती कपाटापुढं उभी राहिली. घोयरा सवयीप्रमाणं पुढंमागं झुलत होता, मान हलवत होता. चाचीनं मडकं आत ठेवलं, फांद्या नीट पसरल्या, म्हणजे जनावर पार झाकलं जाईल. मग जाळीला तोंड लावून त्याच्याशी बोलली.

"इसमें बैठ. बाहर नक्को देख. मेरे बच्चे का किसी कू नक्को बोल."

चाचा तिथंच झारी घेऊन उभा होता. तो म्हणाला, "लग्नाची मेंदी हाय ती."

"येईल तेव्हा दुसरी लावीन," चाची म्हणाली आणि पदर सावरून निघून गेली.

मेंदी काही चावून बघावी लागली नाही. तिच्यासारखं चांगलं झाड त्या कपाटाला दुसरं मिळालं नाही. फांद्या घोयऱ्याच्या मुठीत बसतील अशाच बारीक, पान लहान, थेंब अलगद थांबणारा. घोयरा खरोखरच त्यात शिरून बसला आणि बाहेर यायचा बंद झाला. मला त्या बाईकडं बघून रडू आलं होतं. मी तसा रडणारा माणूस नाही.

*

लढाई संपत आली तेव्हा छावणीत नवं औषध आलं. डीडीटी. पाठीवर टाकी आणि हातात पंप घेतलेली माणसं आली आणि बराकी, मेस, गटारं, बाग, सगळं फवारून गेली. माश्या नाहीत, डास नाहीत, ढेकूण नाहीत. गोरे खूश, काळेही खूश. विषारी झाड कोणतं आणि बिनविषारी कोणतं यासाठी आम्ही एवढी जीभ भाजून घेतली, आणि त्या पंपवाल्यानं एका दमात सगळी झाडं सारखी करून टाकली.

चाचा धावत गेला. झारीनं पाणी घातलं, पंचा ओला करून मेंदीचं पान न्‌ पान पुसलं. पण कपाटाच्या तळाशी तडफडणाऱ्या माश्या घोयऱ्यानं आधीच टिपल्या होत्या. दोन दिवसांनी तो फांदीला शेपटीनं लटकलेला दिसला. शेपटीचा वेढा मेल्यावरही सुटला नव्हता.

आता साहेब खबर काढायचं सोडून देणार, हीच सगळ्यांच्या मनात भीती. चाचा तर भिंतीला टेकून बसला तो उठेना. तेव्हा सखूबाई न सांगता गेली. घोयऱ्याच्या कपाटाला कधी हातही न लावलेली बाई दुपारी डोंगराकडून परतली ती काठीच्या टोकावर दुसरा घोयरा घेऊन. भीतीनं तिचे दात वाजत होते. म्हणाली, "रंग बदलनारं जनावर. कुनाला कळतंय, कालचं का आजचं?"

साहेब आला. कपाटात डोकावला आणि लगेच म्हणाला, "ये वो नहीं है. उसका बायाँ आँख के ऊपर सफेद दाग था. छोटा."

एवढी वर्षं रोज पाणी घालणाऱ्या आम्हाला तो डाग दिसला नव्हता. चाचानं घडलं ते सांगून टाकलं. साहेब रागावला नाही. जिथं आम्ही पहिला घोयरा पुरला होता तिथं गेला, टोपी काढली आणि उन्हात उभा राहिला. त्याचे डोळे भरून आलेले मी स्वतः पाहिले.

"माणूस चांगला आहे रे," मी गेनूला म्हणालो. "एवढासा ठिपका ध्यानात ठेवणारा माणूस काम विसरायचा नाही."

चाचाही त्या दिवशी बऱ्याच दिवसांनी नीट जेवला.

*

मग लढाई संपली. गोरे घरी जायला लागले. आमच्या साहेबाचाही दिवस आला.

सामानाचा ट्रक बागेपाशी थांबवून तो आमचा निरोप घ्यायला उतरला. दुसरा घोयरा त्याच्याच सांगण्यावरून आम्ही आदल्या दिवशी डोंगरावर सोडून दिला होता. त्यानं आमच्या प्रत्येकाशी हात मिळवला, सखूबाईला नमस्ते केलं. चाचापाशी आला तेव्हा त्याच्या खांद्यावर हात ठेवून थांबला. काहीतरी आठवल्यासारखा चेहरा केला.

"उस्मान, तुम्हारा एक लडका फौज में था ना? क्या नाम था उसका?"

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी तोंड उघडणार तेवढ्यात चाचानं माझा दंड धरला. म्हाताऱ्याच्या बोटांत एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं.

"आ गया साब," चाचा म्हणाला. "घर आ गया."

"अच्छा! देखा? हम बोला था." साहेबाला खरंच आनंद झाला. त्यानं दोन्ही हातांत चाचाचा हात घेऊन पुन्हा हलवला, ट्रकमध्ये चढला आणि वळण येईपर्यंत टोपी हलवत राहिला.

धूळ खाली बसली. सखूबाईनं हातातलं खुरपं तिथंच टाकलं. तिला रडू आवरेना.

"चाचा, पोरगा आला आन आमास्नी सांगितलं न्हाई? चला, आत्ताच्या आत्ता येते. डोळं भरून बगू द्या मला."

चाचाच्या दाराशी दुसरी मेंदी लागली नव्हती, हे मला ठाऊक होतं. चाचानं खांद्यावरचा पंचा काढून झटकला आणि परत खांद्यावर टाकला.

"आज नको, सखूबाई," तो म्हणाला. "लई लांबनं चालत आलाय. झोपू द्या त्याला."